कॉड : एक मासा, एक पिशवी आणि एक लोणकढी थाप

ब्रिटिश पेपरात एखाद्या सिरीजचं परीक्षण वाचताय आणि मध्येच येतं की अमुक नटाने सगळे एपिसोड 'कॉड रशियन ॲक्सेंट'मध्ये काढलेत, तर इथे माशाचा काय संबंध असं वाटणारच. मासा तसा आपल्याला माहितीय, निदान कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्यांमुळे नाव तरी माहितीय. डिक्शनरी उघडावी तर पहिला अर्थ मासा, दुसरा पिशवी नाहीतर शेंगेचं टरफल, तिसरा चारचौघांत न बोलायचा अवयव आणि चौथा थट्टा, म्हणजे गोंधळ वाढलाच. खरी भानगड अशी की इंग्रजीत कॉड हा एक शब्द नाहीच, एकाच स्पेलिंगचे निदान तीन शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे नातेवाईक की नुसते शेजारी यावर भाषेच्या जाणकारांचं अजून एकमत नाही. पण वाचताना ते ओळखणं काही अवघड नाही, शब्दाच्या शेजारी कोण बसलंय तेवढं बघायचं.

आधी मासाच घेऊ, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचा. कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंडगार पाण्यातला मासा, पाठीवर तीन पर, हनुवटीखाली एकुलता एक मिशीसारखा लोंबणारा धागा आणि अंगावरून शेपटीपर्यंत गेलेली फिकट रेघ. मीटरभर सहज वाढतो. आपल्या समुद्राचं पाणी त्याला गरम पडतं त्यामुळे तो इथे नाही, कोळणीच्या पाटीत कधी आला नाही आणि म्हणून मराठीत त्याला आपलं असं नावही नाही. नेटवरच्या माशांच्या याद्यांमध्ये कॉडपुढे हेकरू नाहीतर गोबरा लिहिलेलं दिसतं, ती वेगळीच गंमत आहे, पुढे सांगतो.

ह्या माशाचं मांस पांढरंशुभ्र, शिजलं की पाकळ्या पाकळ्या होऊन सुटणारं, आणि त्यात चरबी जवळपास नाहीच, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही. चरबी सगळी लिव्हरमध्ये. आता ह्या एका गोष्टीवर दोन मोठे धंदे उभे राहिले. पहिला सुकटीचा. मांसात तेल नाही म्हणजे वाळवताना ते खवट होत नाही, बांगडा किंवा तारली असा बिनमिठाचा नुसत्या वाऱ्यावर टाकला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हिवाळा संपता संपता कॉडची मुंडकी उडवतात, दोन दोन मासे शेपटीला बांधून जोडी करतात आणि लाकडी मांडवावर टांगून देतात, मिठाचा कण नाही, आणि मग थंड वाऱ्यात काही महिने लटकून ते अक्षरशः फळकुटासारखे टणक होतात. ह्याला इंग्रजीत स्टॉकफिश म्हणतात. मीठ लावून वाळवलेला तो सॉल्ट कॉड, पोर्तुगीज त्याला बाकाल्याऊ म्हणतात आणि त्यांचा त्यावर इतका जीव की स्वतःच्या किनाऱ्यावर कॉड मिळत नसताना शतकानुशतकं अटलांटिक ओलांडून तो आणायला जायचे. जमैकाच्या प्रसिद्ध 'ॲकी अँड सॉल्टफिश'मधला सॉल्टफिश पण मुळात कॉडच, आणि तो तिथे पोचला त्यामागे काळा इतिहास आहे, कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांना खायला घालायला उत्तर अमेरिकेतून सगळ्यात हलक्या प्रतीचा खारवलेला कॉड जहाजं भरभरून जायचा.

दुसरा धंदा लिव्हरचा. त्या तेलात ए आणि डी व्हिटॅमिन भरपूर, आणि उत्तर युरोपात हिवाळ्यात ऊनच नाही त्यामुळे पोरांना मुडदूस व्हायचा, त्यावर हे तेल म्हणजे रामबाण उपाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने लहान मुलांना ते सरकारी योजनेतून पुरवलं, त्यामुळे तिकडच्या एका अख्ख्या पिढीला कॉड हा शब्द ऐकला की नाक दाबून गिळलेला चमचा आठवतो. आपल्याकडे स्कॉट्स इमल्शनची बाटली ज्यांच्या घरी होती त्यांनी लेबलवरचा माणूस पाहिलाच असेल, पाठीवर स्वतःएवढा मासा दोरीने बांधून उभा असलेला, तोच कॉड. म्हणजे मासा जन्मात न पाहिलेल्या कित्येक घरांत त्याचं चित्र मात्र फडताळात होतं.

आता वापर. उच्चार ब्रिटिश पद्धतीने कॉड, अमेरिकन तोंडी काडच्या जवळ जातो. कोड मात्र कधीच नाही, तो प्रोग्रामिंगवाला वेगळा. अनेकवचन करताना एस लावायचा मोह टाळा, एक कॉड, तीन कॉड, टनभर कॉड, सगळीकडे तसाच राहतो. कॉड्स असं लिहिलेलं दिसलं तर एकतर वेगवेगळ्या जातींबद्दल चाललंय किंवा मजकूर फार जुना आहे आणि मासा नसून ती पिशवी आहे. ताटातल्या माशाबद्दल बोलताना तो मोजायचा नसतो, तुकडा मोजायचा, 'अ पीस ऑफ कॉड'. ह्यावरून एक घासून गुळगुळीत झालेला इंग्रजी विनोद आहे, बायबलमध्ये सगळ्या समजेपलीकडच्या 'पीस ऑफ गॉड'चा म्हणजे देवाच्या शांतीचा उल्लेख येतो, तर जेवणात बेचव मासा आला की म्हणायचं की हा पीस ऑफ कॉड पण सगळ्या समजेपलीकडचा आहे. नवी दिल्ली आखणाऱ्या ल्युटेन्स साहेबांच्या नावावर हा नेहमी खपवला जातो.

इंग्लंडमध्ये चिप्सच्या दुकानात 'कॉड अँड चिप्स ट्वाइस' असं ऐकू आलं तर कुणी दोनदा ओरडत नाहीये, दोन प्लेट मागतोय. आणि हेही सगळीकडे सारखं नाही, लंडन आणि दक्षिणेकडे कॉड, यॉर्कशायर आणि स्कॉटलंडकडे हॅडॉक, जो कॉडचाच चुलतभाऊ आहे, पण हे तिथल्या लोकांना सांगायला जाऊ नका, आपल्याकडे सुरमई भारी की पापलेट भारी ह्यावर जितकं तापतं तितकंच तापतं. कॉडच्या गाभोळीला कॉड रो म्हणतात, पिल्लाला कॉडलिंग, आणि अमेरिकेत बॉस्टनकडे छोटा कॉड नाहीतर छोटा हॅडॉक, जो कुठला असेल तो, स्क्रॉड नावाने विकतात.

आणि आता ती याद्यांची गंमत. इंग्रज खलाशी जिथे जिथे गेले तिथे ओळखीचं काही दिसलं नाही की घरचंच नाव ठोकून द्यायचे. ऑस्ट्रेलियात नदीत मोठा पांढऱ्या मांसाचा मासा सापडला, झाला मरे कॉड, कॉडशी सुतराम संबंध नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लिंगकॉड, तोही कॉड नव्हे. महागड्या जपानी रेस्टॉरंटमध्ये मिसो लावून मिळणारा ब्लॅक कॉड म्हणजे सेबलफिश, तो तर इतका तेलकट आहे की खऱ्या कॉडच्या बरोबर उलटा. तसाच आपल्या गरम समुद्रातल्या खडकांत राहणाऱ्या ग्रूपरना इंग्रजीत रीफ कॉड आणि रॉक कॉड नाव पडलं, आपल्याकडे ते हेकरू, गोबरा. मग यादी बनवणाऱ्याने पुढचा रीफ उडवला आणि कॉड बरोबर हेकरू असं समीकरण होऊन बसलं. त्यामुळे साधा नियम असा की कॉडच्या आधी रंग, खडक, नदी असलं काही जोडलेलं असेल तर तो बहुतेक वेळा कॉड नसतो. 'बहुतेक' म्हणतोय कारण अटलांटिक कॉड आणि पॅसिफिक कॉड हे दोन्ही अस्सल आहेत.

बरोबर ह्याच्या उलट न्यूफाउंडलंडमध्ये. कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे बेट चारपाचशे वर्षं कॉडवरच जगलं, आणि तिथल्या इंग्रजीत नुसतं 'फिश' म्हटलं की त्याचा अर्थ कॉड. बाकीच्यांना त्यांची नावं, सामन म्हणजे सामन, हेरिंग म्हणजे हेरिंग, पण फिश म्हणजे कॉडच. आज फिश मिळाला का असं विचारलं आणि माणसाची होडी मॅकरेलनी भरलेली असली तरी उत्तर नाही असं येऊ शकतं. मला ह्या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात जबरदस्त वाटते, एका जातीच्या माशाने अख्खा 'मासा' हा शब्दच बळकावला. आणि तो मासा मोठ्या ट्रॉलरांनी इतका उपसला की जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार लोकांचं काम एका झटक्यात गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून आणली होती, ती तीस वर्षांच्या वर चालली, २०२४ मध्ये कुठे थोडीशी व्यापारी मासेमारी परत सुरू झाली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पण हेच प्रेम, केप कॉड हे नाव १६०२ मध्ये बार्थोलोम्यू गॉसनोल्ड नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने तिथे भरमसाट कॉड मिळाला म्हणून ठेवलं. बॉस्टनच्या विधानसभेच्या सभागृहात आजही लाकडी कॉड टांगलेला आहे, त्याला 'सेक्रेड कॉड' म्हणतात, आणि १९३३ मध्ये हार्वर्डच्या पोरांनी तो पळवला होता, दोनेक दिवसांनी परत मिळाला. माशाच्या पैशावर नव्याने श्रीमंत होऊन मिरवणाऱ्यांना तिकडे 'कॉडफिश ॲरिस्टोक्रसी' म्हणायचे, अर्थात नाक मुरडून.

कॉड वॉर हा शब्द मात्र खास ब्रिटिश हेडलाइनवाल्यांचा. कोल्ड वॉरमधला एल काढला की झालं. आइसलँडने आपली सागरी हद्द १९५८ मध्ये ४ वरून १२ मैलांवर नेली, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये थेट २०० मैल, आणि दर वेळी ब्रिटनने आपले ट्रॉलर वाचवायला नौदलाच्या बोटी पाठवल्या. आइसलँडकडे सैन्य नाही, पण त्यांच्या कोस्टगार्डने एक अवजार बनवलं, बोटीमागून ओढत न्यायचा काटेरी गळच म्हणा, तो ट्रॉलरच्या मागून आडवा न्यायचा की जाळ्याच्या तारा तुटून लाखमोलाचं जाळं मासळीसकट तळाला. शेवटी १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली, कारण आइसलँडने नाटोचा तळ बंद करायची धमकी दिली होती. त्याच सुमारास २०० मैलांची कल्पना जगभर रुजत होती, भारतानेही १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र ठरवलं. तर इंग्रजी लेखात कॉड वॉर दिसलं तर ते हे, आणि तिथे कॉड म्हणजे मासाच.

आता दुसरा कॉड, पिशवीवाला. हा माशापेक्षा जुना आहे, जुन्या इंग्रजीत कॉड म्हणजे थैली, पिशवी, कोष. वाटाण्याच्या शेंगेला पीसकॉड म्हणायचे. स्कॉटलंडकडे कॉड म्हणजे उशी, आइसलँडिकमध्ये उशीला आजही कोड्डी म्हणतात. बायबलमध्ये उधळ्या मुलाची गोष्ट आहे ना, तो उपासमारीने डुकरांच्या शेंगा खायला निघतो, तिथे सोळाव्या शतकातल्या टिंडेलच्या भाषांतरात कॉड हाच शब्द आहे, म्हणजे ज्याला मासा एवढाच अर्थ माहितीय तो वाचेल की डुकरं कॉड खातायत आणि म्हणेल काय थाट आहे डुकरांचा.

पिशवीवरून पुढे पुरुषाच्या त्या पिशवीपर्यंत जायला भाषेला वेळ लागत नाही, आणि तिथून आला कॉडपीस. त्या काळी पुरुषांच्या विजारी म्हणजे दोन पायांचे दोन वेगळे पायमोजे कमरेला बांधलेले, मध्ये उघडं, ते झाकायला पुढे एक कापडी पदर, तो कॉडपीस. मग त्यात भरावण घालायची फॅशन आली आणि ती इतकी फोफावली की लंडनच्या टॉवरमध्ये आठव्या हेन्रीचं चिलखत आहे त्याचा लोखंडी कॉडपीस बघून शाळेच्या सहली अजून खिदळतात. इथे मासा शोधू नका. माशाचं नाव त्याच्या पिशवीसारख्या पोटावरून पडलं असेल असा एक अंदाज आहे खरा, पण तो अंदाजच.

तिसरा कॉड सगळ्यात मजेशीर आणि आपल्यासाठी सगळ्यात कामाचा, कारण ब्रिटिश लिखाणात तो सारखा भेटतो आणि अमेरिकनांनाही तो पटकन कळत नाही. एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश आणि आयरिश बोलीत 'टु कॉड' म्हणजे एखाद्याला बनवणं, थाप मारणं. आयरिश माणूस 'आर यू कॉडिंग मी' म्हणाला तर तो विचारतोय, काय रे फेकतोस काय. स्वतःचं हसं करून घेतलं तर 'मेड अ कॉड ऑफ हिमसेल्फ'. आणि थापेबाजीचं जणू शास्त्रच असावं अशा थाटात त्यांनी 'कॉडॉलॉजी' असा शब्दही केलाय, तिथले पुढारी एकमेकांच्या घोषणांना तो लावतात, आपल्याकडे किती कामाचा आहे बघा.

ह्यावरूनच विशेषण. कॉड पुढे, आणि मागे कुठली तरी भाषा, काळ, शैली, विद्या. कॉड लॅटिन, कॉड मिडीव्हल, कॉड सायकॉलॉजी, गाण्यांत कॉड रेगे. अर्थ नकली, पण नकली नोटेसारखा नकली नव्हे, फसवायचा हेतू असतोच असं नाही, वरवरचा आव आणलेला, चार खुणा उचलून केलेली नक्कल. शाळेत असताना आपण प्रत्येक शब्दाला 'म्' लावून संस्कृत बोलायचो, 'चहाम् पिबामि, बटाटावडाम् खादामि', तर ते बरोब्बर कॉड संस्कृत. त्यात चेष्टा पण आहे, थोडं प्रेम पण आहे आणि जमत नाही ह्याची कबुली पण. म्हणूनच समीक्षक जेव्हा लिहितो की अमुक सिनेमात कॉड इंडियन ॲक्सेंट आहे तेव्हा तो म्हणतोय की मान हलवत चार ठरावीक उच्चार केलेत, अभ्यास शून्य. फेक हा शब्द इथे चालला नसता, फेकमध्ये गुन्हा येतो, कॉडमध्ये नाटकीपणा.

मग कॉड केक म्हणजे नकली केक का? नाही, माशाचा. ओळख सोपी आहे, मागचा शब्द ताटात येत असेल, जाळ्यात येत असेल किंवा बाटलीतून चमच्यात येत असेल तर मासा, आणि मागचा शब्द बोलायचा, लिहायचा, गायचा किंवा मिरवायचा असेल तर नक्कल. नव्वद टक्के ठिकाणी एवढ्यावर भागतं. हा थट्टेचा कॉड माशावरून आला का? कुणी म्हणतं पूर्वी इंग्रजी बोलीत मूर्खाला कॉड म्हणायचे त्यावरून, पण ते तरी कुठून, तिथे गाडी अडते.

आणि मग येतो कॉडस्वॉलप. 'अ लोड ऑफ कॉडस्वॉलप' म्हणजे शुद्ध भंकस, काहीच्या काही. ह्या शब्दाच्या जन्माची जी कथा सांगतात ती आपल्या रस्त्यावर येते, कारण तिचा नायक म्हणजे आपली गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड नावाचा इंग्रज इंजिनियर, आडनावात डी दोन, त्याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची, गॅसच्या दाबाने आतली काचेची गोटी तोंडाशी येऊन रबरी वायसरला घट्ट बसते, बूच नको काही नको. सोडावाला अंगठ्याने नाहीतर लाकडी ठोकणीने गोटी आत दाबतो तेव्हा तो फस्सकन आवाज येतो, आणि पिताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून बाटलीचा गळा मुद्दाम दोन बाजूंनी चेपलेला असतो, गोटी त्या खाचेत अडकवून प्यायची. इंग्रजीत आजही ह्या बाटलीला कॉड बॉटल म्हणतात, जपानमध्ये ती रामुने म्हणून टिकलीय आणि आपल्याकडे हातगाडीवर.

तर कथा अशी की वॉलप म्हणजे बोलीभाषेत बिअर, आणि खऱ्या बिअरवाल्यांनी ह्या कॉडच्या बाटलीतल्या मिळमिळीत सरबताला 'कॉड्स वॉलप' म्हणून हिणवलं, तिथून कॉडस्वॉलप म्हणजे फालतू माल. ऐकायला झकास. पण बाटली १८७० च्या दशकातली आणि शब्दाचे लेखी पुरावे मिळतात ते थेट १९५० च्या दशकाच्या शेवटी, ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या स्क्रिप्टमध्ये. मधली ऐंशीएक वर्षं कुणी एकदाही तो लिहिला नाही हे पटत नाही. म्हणजे कॉडस्वॉलपची व्युत्पत्ती हीच बहुधा एक कॉडस्वॉलप आहे, किंवा अजून नीट म्हणायचं तर कॉड व्युत्पत्ती.

राहिले दिसायला सारखे शब्द, ते पटकन उरकतो. कॉजर म्हणजे विक्षिप्त म्हातारा, त्याचा माशाशी संबंध नाही. कॉडल म्हणजे लाडावून ठेवणं, तोही वेगळा, आणि डब्लिनचा कॉडल नावाचा जो पदार्थ आहे त्यात सॉसेज आणि बटाटे असतात, मासा मागवलाय समजून बसू नका. कॉडलिंग मॉथ ही सफरचंदाला लागणारी कीड, लडाखच्या बागायतदारांची डोकेदुखी, तिचं नाव कॉडलिंग नावाच्या सफरचंदावरून आहे, कॉडच्या पिल्लावरून नाही. आणि तिन्ही अक्षरं कॅपिटल असली तर बहुतेक वेळा ती सुटी सुटी वाचायची, सीओडी, कुरियरवाला दारात असेल तर कॅश ऑन डिलिव्हरी, सांडपाण्याच्या रिपोर्टमध्ये असेल तर केमिकल ऑक्सिजन डिमांड, घरातला पोरगा रात्री दोनला हेडफोन लावून म्हणत असेल तर कॉल ऑफ ड्यूटी, आणि जुन्या इंग्रजीच्या मास्तरांच्या तोंडी असेल तर कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी, १९११ पासूनची, ज्यात हे वरचे बरेचसे कॉड एकाखाली एक सापडतील.